शिफारस करणाऱ्याने आधी वाचावे

'सध्या काय वाचता?' असे कार्यकर्त्याला विचारले, तर बहुधा दोनपैकी एक उत्तर मिळते. पहिले, 'कामापुढे सवड कुठे आहे?' दुसरे, वर्षानुवर्षे पाठ झालेल्या पाचसहा थोर ग्रंथांची नावे. पहिल्या उत्तरात निदान प्रामाणिकपणा आहे. दुसऱ्यात तोही नाही.

आपल्या अभ्यासवर्गांतून वाटल्या जाणाऱ्या याद्याच पाहा. यादी करणाऱ्याने त्यांतील किती पुस्तके पुरी वाचली, कोणते प्रतिपादन त्याला पटले नाही, कुठे स्वतःचे मत बदलावे लागले, हे विचारण्याची प्रथा नाही. अशी शिफारस म्हणजे देवळाबाहेरून केलेला नमस्कार होय. आता तर फोनवरून मुखपृष्ठाचे छायाचित्र पाठवले की कर्तव्य संपले!

यात बिघडले काय, असे विचारणाऱ्यांनी ताराबाई शिंदे यांच्या 'स्त्रीपुरुष तुलना' या पुस्तकाची हकीकत आठवावी. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला अर्भकहत्येबद्दल शिक्षा झाली आणि त्या निमित्ताने साऱ्या स्त्रीजातीवर टीकेचा भडिमार झाला. बुलढाण्याच्या ताराबाईंनी १८८२ साली त्याला रोखठोक उत्तर दिले. जोतीराव फुले यांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू उचलून धरली. परंतु पुढे ते पुस्तक जवळजवळ विस्मृतीत गेले. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केले, तेव्हा त्र्याण्णव वर्षे लोटली होती. या काळात स्त्रियांच्या समतेवर महाराष्ट्रात किती व्याख्याने झाली असतील! सनातन्यांनी ते पुस्तक घरोघर पोचवावे, अशी अपेक्षा कोणीच करणार नाही. ते काम समतेचे नाव घेणाऱ्यांचे होते. जोतीरावांनी केले तसे, 'हे मी वाचले आहे, तुम्हीही वाचा' असे सांगणारी माणसे पुढे पुरेशी निघाली नाहीत, हे कबूल केलेच पाहिजे.

काही मित्र म्हणतील, पुस्तकांनी लढे जिंकले जात नाहीत. खरे आहे. परंतु जो स्वतः वाचत नाही, तो मागच्या सभेतील वक्त्याचे मत पुढच्या सभेत पोचवतो, एवढेच. प्रश्न विचारणारा कार्यकर्ता नको असलेल्या पुढाऱ्याला तो सोयीचा वाटतो. चळवळीला मात्र तो परवडणारा नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. शाखेच्या प्रत्येक बैठकीची पहिली दहा मिनिटे एकाने आपल्या चालू वाचनाविषयी बोलावे. कितव्या पानावर आहोत, काय पटले, काय खटकले, हे सांगावे आणि वाचून झाल्यावर ती प्रत कोणाच्या हाती देणार, तेही सांगावे. कादंबरी वाचत असल्यास लाजू नये. काहीच वाचत नसल्यास तसे सांगावे. पुस्तके विकत घेणे परवडत नसेल, तर गावच्या ग्रंथालयाचे सभासद व्हावे. महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे, तो केवळ फलक लावण्यासाठी झालेला नाही.

या दहा मिनिटांचा प्रारंभ मात्र नव्या पोरांपासून करू नये. तो व्यासपीठावर बसणाऱ्यांपासून व्हावा. पुढच्या बैठकीत त्यांना विचारा, सध्या काय वाचता?