घरगुती विज्ञान : भिंतीवरील चित्राचें यंत्र

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कल्याणच्या महादेवराव पटवर्धनांनीं 'शांबरिक खरोलिका' या नांवानें दीपचित्रांचे खेळ लोकांस दाखविले. कांचेवरील चित्र, मागें दिवा व पुढें भिंग, एवढीच त्यांची मुख्य सामग्री. आजचा एलसीडी प्रोजेक्टर त्याच कुळांतील होय. भेद इतकाच कीं, कांचेवरील चित्र आतां क्षणोक्षणीं बदलतें. हल्लीं घरांतील प्रत्येक जण आपापल्या मोबाईलमध्यें मान घालून बसलेला दिसतो. आजोबांपासून नातवंडांपर्यंत सर्वांनीं रात्रीं घटकाभर एकत्र बसून एकच चित्र पाहावें, असें ज्यांस वाटतें त्यांना हें यंत्र खचित उपयोगी पडेल. मात्र तें घेतांना फसगत होण्याचा संभव मोठा. म्हणून त्याची रचना आधीं समजून घेऊं.

१८८८ सालीं प्राग येथें राइनित्झर नामक वनस्पतिशास्त्रज्ञास एक चमत्कारिक पदार्थ आढळला. तो वितळल्यावर प्रथम गढूळ राही व आणखी तापविल्यावरच स्वच्छ होई. त्या गढूळ अवस्थेंत तो द्रवासारखा वाहे, पण कणांची शिस्त स्फटिकासारखी राखी. अशा पदार्थांस द्रवस्फटिक म्हणतात. आतां दोन गाळण्या कल्पाव्या : एक उभ्या दिशेनें डोलणाऱ्या प्रकाशलहरी तेवढ्या सोडणारी, दुसरी आडव्या. नुसत्या एकीमागें एक ठेवल्या तर पलीकडे अंधार. परंतु मध्यें पीळ दिलेल्या द्रवस्फटिकाचा थर असला म्हणजे लहरींची दिशा वळते व प्रकाश पार होतो. विजेचा दाब दिला कीं पीळ सुटतो आणि वाट बंद होते. अशा लाखो सूक्ष्म खिडक्या उघडमीट करून चित्र उमटतें व भिंग तें भिंतीवर मोठें करून टाकतें.

चांगल्या यंत्रांत आरसे पांढऱ्या प्रकाशाचे तांबडा, हिरवा व निळा असे तीन भाग करितात. प्रत्येकास स्वतंत्र तावदान असतें व शेवटीं लोलक ते तिन्ही एकत्र आणितो. स्वस्त यंत्रांत तावदान एकच. त्यावरील रंगीत ठिपके दोनतृतीयांशाच्या आसपास प्रकाश गिळून टाकितात. किंमतींतील अंतराचें मुख्य कारण हेंच.

फसगत होते ती आंकड्यांत. 'नऊ हजार लुमेन' असें खोक्यावर छापलेलें असतें; तें प्रमाण मानूं नये. पडद्यावर नऊ ठिकाणीं मोजून सरासरी काढलेले 'एएनएसआय लुमेन' किती, तेंच विचारावें. अंधाऱ्या खोलींत कांहीं शें पुरतात. दिव्याच्या उजेडांत तीन हजारांच्या आसपास हवेत. शिवाय पडदा दुप्पट रुंद केला कीं क्षेत्रफळ चौपट होतें आणि चित्र तितकेंच फिकें पडतें. '१०८० चालतें' आणि तावदानावर मुळांत १९२० × १०८० ठिपके आहेत, या दोन गोष्टी भिन्न आहेत, हेंही ध्यानांत ठेवावें.

एकतावदानी यंत्रें साधारणतः पांच ते पंधरा हजारांत मिळतात. तीन तावदानांचें नवें यंत्र बहुधा चाळीस हजारांच्या आसपास वा अधिक पडतें. २२ सप्टेंबर २०२५ पासून प्रोजेक्टरवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ वर आला आहे. यास्तव त्यापूर्वींच्या दरपत्रकावर विसंबूं नये. मुंबईस लॅमिंग्टन रोड व पुण्यास बुधवार पेठेंतील तपकीर गल्ली येथें प्रथम चौकशी करावी, मग ऑनलाइन दराशीं ताडून पाहावें.

मध्यम स्थितींतील कुटुंबास आम्ही कचेरींतून निघालेलें, दुरुस्त केलेलें तीन तावदानी यंत्र सुचवूं. मात्र दिवा किती तास जळला तें यंत्राच्या सूचींत पाहावें, नव्या दिव्याची किंमत आधींच विचारावी, आणि कोऱ्या पांढऱ्या चित्रावर पिवळे वा निळे डाग दिसल्यास तें घेऊं नये. दुकानांत सिनेमा न पाहतां बारीक अक्षरांचें पान लावून पाहावें; कडेचीं अक्षरें आजीस चष्म्यानें वाचतां येतील इतकीं स्पष्ट असलीं तरच पैसे मोजावे. पडद्याची घाई नको. आरंभीं स्वच्छ पांढरी भिंत पुरे. मुलांस मात्र भिंगांत डोकावूं देऊं नये.

दिवसाउजेडीं बातम्या पाहणें एवढाच हेतु असेल, तर टीव्हीच बरा. रात्रीं दिवे मालवून सर्वांनीं सतरंजीवर बसावयाचें असेल, तरच हा खर्च सार्थकीं लागेल.