सभासद क्रमांक लिहून घेतात, मग पॉइंट का नाहीत?

दिवाळीच्या सहली आटोपल्या आणि तक्रारींची पत्रे सुरू झाली. यंदा त्यातली बहुतेक लास व्हेगासची आहेत आणि गाऱ्हाणेही एकच. ग्राहकाने चेक-इनच्या वेळी मॅरियट बोन्व्हॉयचा किंवा हिल्टन ऑनर्सचा सभासद क्रमांक दिला, काउंटरवर तो हसतमुखाने टाइप करून घेतला गेला, आणि महिना उलटला तरी खात्यात एक पॉइंट नाही.

नाशिकच्या एका वाचकाने सगळा पत्रव्यवहारच धाडला आहे. सभासद योजनेच्या मदतकक्षाने आधी फोलिओ, म्हणजे हॉटेलचे बिल, मागितला. त्यावर खोलीभाडे शून्य, कारण ते घाऊक विक्रेत्याने परस्पर भरलेले. रिसॉर्ट फी तेवढी छापलेली, कारण ती ग्राहकाच्या कार्डावरून कापलेली. भाडे दाखवणारा कागद हॉटेलकडे मागितला तर उत्तर, 'दर गोपनीय आहे, एजंटला विचारा.' एजंटने व्हाउचर दिले, ते मदतकक्षाला चालेना. पुन्हा फोलिओ, पुन्हा हॉटेल. शेवटी मदतकक्षाने कळवले की हा दरच पॉइंटला पात्र नाही. रेट कोड पहिल्या दिवसापासून त्यांच्यासमोर होता, मग पहिल्याच मेलला हे सांगायला काय हरकत होती?

घाऊक, ग्रुप टूरच्या आणि ऑनलाइन एजन्सींच्या (ओटीए) दरांवर पॉइंट बसत नाहीत हा नियम जुना आहे, त्याबद्दल आमची तक्रार नाही. संताप आहे तो लपवाछपवीचा. बी-टू-बी पोर्टलवर कॅन्सलेशनची तारीख लाल अक्षरांत दिसते. तिच्याखाली 'पॉइंट लागू नाहीत' ही एक ओळ का छापता येत नाही? ती दिसली तर एजंट ग्राहकाला आधीच सांगेल. आज मात्र शिव्या एजंटच खातो.

आता आपल्या एजंट लोकांविषयी. व्हेगासमधल्या एमजीएम हॉटेलांचा हयातशी असलेला करार सप्टेंबर २०२३ अखेर संपला. २०२४ पासून त्यांची बेलाजिओ, आरिया, मँडले बे ही हॉटेले मॅरियटकडून बुक होतात. तरीही कोटेशनवर हयातचे पॉइंट लिहिणारे महाभाग आहेत! १२ मे २०२५ पासून अमेरिकेत हॉटेलांना सक्तीच्या फीसह पूर्ण दर दाखवावा लागतो, एवढ्यावरून 'फी रद्द झाली' असे ठोकून देणारेही आहेत. फी जागच्या जागी आहे. मॅरियटमध्ये पॉइंटवर घेतलेल्या रात्रीलाही ती भरावी लागते. हिल्टनमध्ये पूर्ण पॉइंटवरच्या मुक्कामाला माफ असते, आणि रिसॉर्ट्स वर्ल्डमधली हिल्टन, कॉनरॅड, क्रॉकफर्ड्स ही तिन्ही त्यात येतात. फी रात्रीला ५० डॉलर धरली तरी दोन खोल्या, पाच रात्री म्हणजे ५०० डॉलर आणि वर कर वाचतो. शिवाय सिल्व्हर किंवा वरच्या दर्जाच्या सभासदाला पाचवी स्टँडर्ड रात्र पॉइंटशिवाय मिळते. हा हिशेब ग्राहकापुढे मांडणारे आपल्यात किती निघतील?

खेळून पॉइंट मिळवण्याचा नाद मात्र ग्राहकाला लावू नका. सीझर्सच्या कॅसिनोत स्लॉटवर ५ डॉलर फिरवले की एक क्रेडिट, आणि शंभर क्रेडिटांचा एक डॉलर. म्हणजे एका डॉलरसाठी ५०० डॉलर फिरवायचे. यंत्राचा कट आठ टक्के धरला तर सरासरी ४० डॉलर गमवायचे. कोणी विचारलेच तर हे आकडे सरळ त्याच्यापुढे ठेवा.

अमेरिकेत बे एरियात राहणारा मुलगा आई-वडिलांना घेऊन व्हेगासला निघतो, तेव्हा ऑफिसच्या प्रवासामुळे त्याचे बोन्व्हॉय खाते बहुधा आधीच असते. पात्र दराने घेतलेल्या तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट त्याला मिळतात. अट एवढीच की पैसे त्याने भरावेत आणि एका खोलीत स्वतः राहावे. अशा कुटुंबाला नेट रेटवर, म्हणजे घाऊक दरावर, पाठवणे हा आपला आळस आहे. जीडीएसवर कमिशनेबल दर काढा, बुकिंग करतानाच सभासद क्रमांक घाला आणि दोन्ही दर शेजारी शेजारी ठेवून ग्राहकाला निवडू द्या. नेट रेटच स्वस्त पडत असेल तर खुशाल घ्या, पण कोटेशनवर 'पॉइंट मिळणार नाहीत' असे मराठीत लिहून सही घ्या.

मुंबईच्या ओटीएम या पर्यटन व्यवसायाच्या प्रदर्शनात ही पोर्टले आणि हॉटेलांचे प्रतिनिधी समोरासमोर भेटतील. तिथे एकेकट्याने कुरकुर करून भागणार नाही. पोर्टलचे नाव, रेट कोड आणि फोलिओची प्रत, ग्राहकाचे नाव झाकून, या महिन्याच्या २० तारखेपर्यंत आमच्याकडे पाठवा. सगळा गठ्ठा एकत्र करून त्यांच्या टेबलावर ठेवू आणि ती एक ओळ छापण्याची तारीख लेखी मागू.