आवाजाला वाट द्या

काँक्रीटच्या उंच इमारतींत मोबाइलच्या मनोऱ्याच्या लहरी पुरेशा पोहोचत नाहीत. म्हणून घरातील वाय-फायवरूनच फोन करण्याची सोय एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये व जिओने जानेवारी २०२० मध्ये आपल्या देशात सुरू केली. सोय उत्तम आहे, याविषयी वाद नाही. परंतु ज्या घरात त्या लहरी पोहोचतच नाहीत, तेथे ती चैनीची बाब राहत नाही. रात्री-अपरात्री डॉक्टरांना बोलावण्याचा तोच एक मार्ग उरतो. नेमक्या त्या क्षणी पलीकडचा शब्द तुटू लागला, तर करावे काय?

बाजारातले उत्तर ठरलेले आहे : अधिक वेगाची जोडणी घ्या. हे उत्तर अपुरे आहे, असे आम्हांस स्पष्टपणे म्हणावयाचे आहे. संभाषणाला वेग फारसा लागतच नाही. १९७२ पासूनच्या जी.७११ या प्रमाण पद्धतीत आवाजाला सेकंदाला अवघे ६४ किलोबिट पुरतात. १९९९ च्या वाय-फायचा कमाल वेग ११ मेगाबिट होता. नुसत्या भागाकाराने त्यावर ८० हून अधिक संभाषणे मावावयास हवी होती. प्रत्यक्षात मावत ती सुमारे डझनभर! कारण आवाजाचे, बहुधा दर २० मिलिसेकंदांस एक, असे लहान तुकडे होतात. प्रत्येक तुकड्याला वाट मोकळी होईपर्यंत थांबावे लागते आणि पोहोचल्याची पावतीही घ्यावी लागते. बोलण्यापेक्षा पाळीची वाट पाहण्यातच अधिक वेळ जातो.

म्हणजे उणीव आहे ती शिस्तीची. तंत्रज्ञांनी हे केव्हाच ओळखले. २००५ च्या ८०२.११ई या मानकाने वाहतुकीचे चार वर्ग पाडून आवाजाला पहिला मान दिला. २०२१ मध्ये संमत झालेल्या ८०२.११एएक्सने २० मेगाहर्ट्‌झच्या एका वाहिनीत एकाच वेळी ९ उपकरणांपर्यंत वाटा देण्याची सोय केली. मात्र ही शिस्त यंत्रात असून भागत नाही. फोन, राउटर व सेवा कंपनी या तिघांनीही ती पाळावयास हवी.

शिवाय शेजारधर्माचा प्रश्न उरतोच. २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात एकमेकींत न मिसळणाऱ्या वाहिन्या १, ६ व ११ या तीनच. चाळीस बिऱ्हाडांनी चाळीस राउटर मन मानेल तसे लावले, तर कोणा एकाने महागडे यंत्र आणून काय साधणार? जे दुखणे सामाईक, त्याचा उपायही सामाईकच असला पाहिजे. गृहनिर्माण संस्थांनी वाहिन्यांची वाटणी ठरवावी, शक्य तेथे ५ गिगाहर्ट्‌झचा पट्टा वापरावा आणि दूरदर्शन संचासारखी एका जागची यंत्रे तारेने जोडावी.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने इमारतींच्या डिजिटल जोडणीला मानांकन देण्याचे विनियम २०२४ मध्ये केले, हे योग्यच झाले. त्या मानांकनात सायंकाळच्या गर्दीच्या वेळी आतल्या खोलीतून केलेल्या संभाषणाची कसोटी अग्रभागी असावी, अशी आमची आग्रहाची सूचना आहे. आवाज १५० मिलिसेकंदांच्या आत पलीकडे पोहोचावा, हा आंतरराष्ट्रीय दंडक त्यासाठी उपलब्ध आहेच. चित्रपट क्षणभर थांबला तर बिघडत नाही. मदतीची हाक मात्र थांबता कामा नये. जाहिरातीतील मेगाबिटांचे आकडे पुष्कळ झाले. हाक पोहोचते की नाही, याचा हिशेब नागरिकांनी आता मागावा.