बायोडाटात न लिहिलेली ओळ

हिवाळा लागला की विदर्भातल्या आपल्या वस्त्यांत एक तक्रार हमखास ऐकू येते. लेकराचे हातपाय ठणकतात, रात्रभर रडते. कोणी म्हणते वाढीचे दुखणे, तेल चोळा. कोणी म्हणते नजर लागली. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा आणि लेकराच्या दंडात ताईत, असे आम्ही एकाहून जास्त घरांत पाहिले आहे. वाईट वाटते, पण पाहिले आहे.

पुष्कळदा हे दुखणे सिकलसेलचे असते. रक्तातल्या गोल तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य कळा निघतात. आपल्या भागात हा दोष असल्याचे नागपूरच्या डॉक्टरांनी १९५८ सालीच लिहून ठेवले, म्हणजे धम्मदीक्षेनंतर दोनच वर्षांनी. आदिवासी बांधवांत तो आहे, आपल्यातही मोठ्या प्रमाणात आहे. ना पाप, ना पूर्वजन्म.

मुलांच्या रक्तविकारांचे आणि कॅन्सरचे डॉक्टर कळा उठल्यावर सलाईन लावतात, वेदनेचे औषध देतात. पण त्यांचे मोठे काम मूल हसते-खेळते असतानाच चालते. लसी वेळेवर टोचायच्या. पाच वर्षांचे होईपर्यंत रोज पेनिसिलिन द्यायचे; त्याने जीवघेणा जंतुसंसर्ग ८४ टक्क्यांनी घटतो, असे अमेरिकेत १९८६ साली दिसून आले. हायड्रॉक्सियुरिया हे रक्ताच्या कॅन्सरवरचे औषध इथेही कळा कमी करते, मात्र वरचेवर रक्त तपासून. आणि डाव्या बरगडीखाली बोटे ठेवून प्लीहा कशी चाचपायची, हे आईला शिकवायचे. ती एकाएकी वाढली, मूल पांढरेफटक पडले, तर रक्त तिथे साठते आहे. तेव्हा सकाळची वाट पाहायची नाही. चार बुके न शिकलेल्या आयाही हे बरोबर शिकतात.

आता थोडे कडू बोलतो. मूल आजारी निघाले की सासर सुनेलाच बोल लावते. अहो, दोष आईकडून एक आणि बापाकडून एक असा दोन्हीकडून आला, तरच मूल आजारी होते! एकच वाटा असलेला माणूस वाहक, ‘एएस’. तो आजारी नसतो, गवंडीकाम करतो, पोलिसात जातो. दोन वाहकांचे लग्न झाले, तर मात्र दर बाळंतपणात चारातला एक धोका. वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मात शिक्षण, नोकरी, प्लॉट सगळे भरतात. रक्ताबद्दल अक्षर नाही. मुलगी एएस कळली की सोयरीक मोडते, मुलाचा रिपोर्ट कपाटात राहतो.

२०२३ साली सिकलसेलची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, तेव्हा आम्हीही घरातल्या चौघांचे रक्त तपासून घेतले. पन्नाशी उलटल्यावर कळले, आम्ही एएस. थोरला मुलगाही एएस. त्याच्या बायोडाटात, उंचीच्या खालच्या ओळीत, आम्ही ते लिहिले आहे. दोन स्थळे परत गेली. तिसऱ्या घरच्यांनी आपल्या मुलीचा कागद स्वतःहून पाठवला आहे.