संज्ञापन कीं संज्ञपन?

बारावीचे निकाल लागले म्हणजे जुन्नर, नारायणगांव, मंचर, घोडेगांव या बाजूच्या पुष्कळ घरांत हल्लीं एक प्रश्न निघतो : मुलानें अथवा मुलीनें विद्यापीठांत जाऊन ‘मीडिया’ शिकावें काय? वडील मंडळींचा आक्षेप असा कीं, बोलावयास आणि लिहावयास शिकण्यासाठीं पदवी कशास हवी? आक्षेप अगदींच अनाठायीं नाहीं. परंतु त्यांत विषयाची पुरती ओळख दिसत नाहीं.

पुणें विद्यापीठांत, रानडे इन्स्टिट्यूटमध्यें, वृत्तविद्येचें अध्यापन १९६४ सालीं सुरू झालें. या विषयाचें शास्त्रीय नांव संज्ञापन. त्याचा पहिला धडा मात्र आमच्या नाणेघाटांतच कोरलेला आहे. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं सातवाहनांची राणी नागनिका हिनें यज्ञांची व दक्षिणांची यादी तेथें खोदविली, असें विद्वान् मानतात. विषय वैदिक, पण भाषा प्राकृत, लिपि ब्राह्मी, आणि जागा कल्याणहून जुन्नरास येणाऱ्या व्यापाऱ्यांच्या वाटेवरची. कोणास, कोणत्या भाषेंत व कोठें सांगावें, हें तेथें नेमकें साधलें आहे. गाई, घोडे, कार्षापण यांचे आंकडेहि आहेत. मात्र त्या व्यापाऱ्यांस काय वाटत होतें, हें त्या भिंतीवर नाहीं. न लिहिलेलें ओळखावयास शिकणें हा दुसरा धडा.

तिसरा धडा कठोर आहे. जुन्नर तालुक्यांतील आर्वी येथें १९७१ सालीं परदेशांशीं दूरध्वनि जोडणारें देशाचें पहिलें उपग्रह-भूकेंद्र सुरू झालें. शेजारच्या आंबेगांव तालुक्यांत ३० जुलै २०१४ रोजीं डोंगर कोसळून माळीण गांव गाडलें गेलें. दीडशें माणसें दगावलीं. ती वार्ता बाहेर आली एस. टी.च्या चालकामुळें, नेहमींच्या वाटेनें येतांना त्यास गांवच दिसेना. यंत्रें असलीं म्हणून गांवाचा आवाज पोहोंचतोच असें नाहीं.

आतां थोडें व्याकरण. ‘ज्ञा’ धातूपासून कळविण्याच्या अर्थीं ‘संज्ञापन’ होतें. मारण्याच्या अर्थीं मात्र स्वर ऱ्हस्व होऊन ‘संज्ञपन’ होतें; यज्ञांत पशूचा श्वास कोंडून त्यास मारणें यास हेंच नांव आहे. एका कान्याचें अंतर! श्रोत्यास शहाणें करणें आणि गलबल्यानें त्याची बुद्धि गुदमरवणें, या दोहोंची साधनें आज एकच आहेत. हातांतल्या फोनवर दोन्ही घडतें.

म्हणून कॅमेऱ्यापुढें आपला चेहरा यावा एवढीच ज्याची हौस, त्यानें ही वाट धरूं नये. परंतु शुद्ध मराठी लिहावें, आंकडे तपासावे, कायदा जाणावा, आणि डिंभ्याच्या वरच्या अंगाच्या एखाद्या वाडीवर जाऊन म्हाताऱ्या माणसाचें बोलणें मध्येंच न तोडतां ऐकावें, असें ज्यास मनापासून वाटतें, त्यास वडिलांनीं अडवूं नये. फीची व नोकरीची चौकशी अवश्य करावी. त्याबरोबरच, ‘बाळ, तुला कोणाचें म्हणणें कोणास कळवावयाचें आहे?’ हेंहि एकदां शांतपणें विचारावें.