किफायत म्हणजे स्वस्त नव्हे

आमच्या शाळेतल्या एका सहकाऱ्याने मुलासाठी ‘गेमिंग पीसी’ आणला. किंमत २८ हजार. दुकानदाराने कोटेशनवर लिहून दिले होते : आय७ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, लाइटवाले कॅबिनेट. शेजारपाजारच्या मुलांनी गर्दी केली. आठवडाभराने तो मुलगा माझ्या मुलाकडे आला आणि रडवेल्या आवाजात म्हणाला, "भाई, गेम चलताच नहीं."

माझ्या मुलाने कॅबिनेट उघडले. आत आय७-२६०० होता, म्हणजे २०११ सालचा प्रोसेसर. ग्राफिक कार्ड जीटी ७३०, तेही २०१४ सालच्या पिढीचे. कागदावरचा एकही शब्द खोटा नव्हता. आय७ होता, १६ जीबी होते, ४ जीबीही होते. तरीही बाप फसला होता. त्याला एकच आकडा ठाऊक होता, ‘आय७ आय३ पेक्षा मोठा’. त्यामागे पिढीचा आकडा असतो, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आय७-२६०० ही दुसरी पिढी आणि आय३-१२१०० ही बारावी. दोघांनाही ४ कोअर आणि ८ थ्रेड. पण मधल्या अकरा वर्षांत एकेका कोअरची ताकद इतकी वाढली की आजचा ‘लहान’ आय३ त्या ‘मोठ्या’ आय७ला सहज मागे टाकतो. शिवाय विंडोज ११ त्या जुन्या प्रोसेसरला अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा मोफत आधार ऑक्टोबर २०२५ मध्ये संपला. कार्डावरच्या ४ जीबीचेही तसेच. दप्तर मोठे असले म्हणून मुलगा हुशार ठरत नाही.

ही तक्रार एका दुकानदाराची नाही. असे ‘कॉम्बो’ गावोगाव विकले जातात. ते खपतात याचे मोठे कारण मला आपल्या घरात दिसते, आणि म्हणून हा लेख.

आपण मुलांशी आणि मुले आपल्याशी संगणकाबद्दल खरे बोलत नाही. मुलाला गेम खेळायचा असतो, पण तो म्हणतो, "अब्बा, अभ्यासासाठी पाहिजे." बापाला ते खोटे आहे हे कळते, पण ‘गेमसाठी पैसे दिले’ हे चारचौघांत सांगायला लाज वाटते, म्हणून तोही "अभ्यासासाठी" म्हणतो. मग दुकानात दोघेही खरी गरज सांगत नाहीत, आणि हाती पडते ते ना अभ्यासाला धड, ना गेमला. अभ्यासाला खरे तर ग्राफिक कार्ड लागतच नाही. गेमला तेच सगळ्यात जास्त लागते. हेतूच खोटा सांगितला तर यादी खरी कशी होणार?

माझ्या घरी २०२३ च्या दिवाळीच्या सुट्टीत हा प्रश्न आला. मुलगा अकरावीत. मी त्याला म्हणालो, "अभ्यासाचे नाव घेऊ नकोस. गेम खेळायचा आहे ना? मग गेमसाठीच यादी कर. माझ्याकडे ६० हजार आहेत, एक रुपया जास्त नाही. आणि प्रत्येक वस्तू का घेतली, ते मला समजावून सांगायचे."

महिनाभर घरात वहीची पाने फाटत राहिली. पहिल्या यादीत २५ हजारांचा प्रोसेसर आणि स्वस्तातले कार्ड होते. दुसरीत महाग मदरबोर्ड आणि रंगीत पंखे. तिसऱ्या वेळी तो स्वतःच हसून म्हणाला, "अब्बा, लाइट से गेम थोडी चलता है?" तेव्हा मला वाटले, पैसे कामी आले, खरेदी व्हायची होती तरी.

शेवटची यादी अशी ठरली. भाव तेव्हाचे आणि अंदाजे पूर्णांकात : आय३-१२१००एफ प्रोसेसर ८,५००, एच६१० मदरबोर्ड ६,५००, ८-८ जीबीच्या दोन पट्ट्या मिळून १६ जीबी रॅम ३,५००, ५०० जीबी एनव्हीएमई एसएसडी ३,०००, आरएक्स ६६०० हे ८ जीबीचे ग्राफिक कार्ड २१,०००, ५५० वॅटचा एसएमपीएस ४,५००, साधे पण हवा खेळती राहील असे कॅबिनेट ३,०००, मॉनिटर ९,५००. बेरीज ५९,५००. कीबोर्ड आणि माउस जुनेच.

भाव बदलतात, आज ही यादी अशीच लागू होणार नाही. पण तिच्यामागचा विचार शिळा होत नाही. त्याने सुरुवात मॉनिटरपासून केली. १९२० गुणिले १०८० म्हणजे पडद्यावर २०,७३,६०० ठिपके. सेकंदाला ६० चित्रे हवी असतील तर ग्राफिक कार्डाला दर सेकंदाला १२ कोटींहून जास्त ठिपके रंगवावे लागतात. फोर-के पडद्यावर हेच काम बरोबर चौपट. म्हणजे पडदा आधी ठरवायचा, त्याला पुरेल असे कार्ड मग घ्यायचे, आणि त्या कार्डाला काम पुरवू शकेल एवढाच प्रोसेसर. एकूण पैशांपैकी एक तृतीयांशाहून जास्त रक्कम एकट्या कार्डाला गेली, ती याच हिशेबाने. रॅमची एक १६ ची पट्टी न घेता दोन ८ च्या घेतल्या, कारण दोन पट्ट्या एकदम काम करतात, एका वाटेऐवजी दोन वाटा होतात. प्रोसेसरच्या नावातला ‘एफ’ म्हणजे त्यात स्वतःचे ग्राफिक नाही. वेगळे कार्ड नसेल तर पडदा काळाच राहील. एवढे एक अक्षर न वाचता खरेदी केलेले लोक मी पाहिले आहेत.

आमचा खरा वाद झाला तो एसएमपीएसवरून. मी म्हणालो, कॅबिनेटसोबत ८००-९०० रुपयांत मिळतो, मग ४,५०० कशाला? तो म्हणाला, बाकी ५५ हजारांचा माल त्याच्या भरवशावर उभा आहे. आमच्या भागात वीज कधी १८० व्होल्टवर उतरते, कधी एकदम येते. हलका एसएमपीएस जळतो तेव्हा पुष्कळदा एकटा जात नाही. मी गप्प बसलो. गेमचा वेग त्याने तिळभर वाढत नाही, दाखवायलाही काही नाही. पण पाया कोणाला दिसतो?

मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवतो. आपण मराठीत ‘किफायतशीर’ म्हणतो ते स्वस्त या अर्थाने. मूळ अरबीत ‘किफाया’ म्हणजे पुरेसे होणे. स्वस्त आणि पुरेसे यांच्यातला फरक वर्गात समजावताना मला नेहमी जड जाते. त्या एसएमपीएसने तो मला समजावला.

आता दोन गोष्टी, ज्यांवर वाचक माझ्याशी भांडतील. पहिली हप्त्यांची. दुकानात ‘नो कॉस्ट ईएमआय’ची पाटी असते. व्याज नाही, मग हरकत काय, असे आपले लोकही विचारतात. पण त्यात बँक व्याज लावतेच. दुकानदार तेवढी रक्कम किमतीतून वजा करतो. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी मात्र आपल्याच खिशातून जातो, वर प्रक्रिया शुल्क असेल ते वेगळे. धर्माचा निर्णय मी देत नाही, तो ज्याचा त्याने आलिमांना विचारावा. मी हिशेबाचे बोलतो. संगणक तुकड्यातुकड्यांनी घेता येतो, ही त्याची मोठी सोय आहे. हाती ३०-३५ हजारच असतील तर रायझेन ५ ५६००जी सारखा, पोटातच ग्राफिक असलेला प्रोसेसर घ्या, हलके गेम खेळा, आणि कार्ड वर्षभराने घ्या. कर्जापेक्षा सब्र स्वस्त पडतो.

दुसरी गोष्ट विंडोजची. आमच्या यादीत ती नव्हतीच. दुकानदार म्हणाला, "सर, टाकून देतो, पैसे नकोत." म्हणजे चोरीची. बिलाशिवाय घ्या, जीएसटी वाचेल, असेही तो म्हणाला. बिल नाही म्हणजे वॉरंटीचा पुरावा नाही, हे मुलाने सांगितले. पण विंडोजवर तो अडला. लिनक्सवर बरेच गेम चालतात, त्याचा आवडता व्हॅलोरंट चालत नाही. परवान्याची किंमत जवळजवळ मॉनिटरएवढी. शेवटी आम्ही मॉनिटर सोडला, परवाना घेतला आणि संगणक घरातल्या टीव्हीला जोडला. सहा महिने त्याच्या अम्मीच्या मालिका आणि याचे गेम यांची वेळ वाटून घ्यावी लागली. मॉनिटर आला तो त्याच्या ईदीतून आणि माझ्या पेपर तपासणीच्या मानधनातून.

"पण सर, मुलगा बिघडला नाही का?" असे मला विचारतात. खोटे कशाला सांगू, तो त्यावर गेमच खेळतो. इतर दिवशी एक तास, रविवारी तीन, परीक्षेच्या महिन्यात बंद, हे खरेदीआधीच ठरले होते. कधी कधी मोडतोही, मग भांडण होते. पण लपवाछपवी नाही, कारण लपवण्यासारखे काही उरले नाही.

त्या सहकाऱ्याच्या मुलाचे पुढे काय झाले? दुकानदाराने माल परत घेतला नाही. आता तो मुलगा रविवारी आमच्याकडे येतो, दोघे वहीत नवी यादी करतात. यावेळी त्याचे वडीलही सोबत बसतात. मागच्या रविवारी त्यांनी विचारले, "ये एफ का मतलब क्या?" पोराने त्यांना समजावून सांगितले. बापाने पोराला विचारावे, यात कमीपणा नाही. २८ हजार घालवून हे शिकण्यापेक्षा आधीच विचारलेले बरे.