चिखलदऱ्याची सहल आणि जीवदया

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मास संपला की व्यापारी कुटुंबांत सहलीचे बेत आखले जातात. अमरावती जिल्ह्यातील चिखलदरा हे त्यासाठी उत्तम स्थान होय. सुमारे १,१०० मीटर उंचीवरील या गावाच्या परिसरात कॉफीचीही लागवड होते.

पहिला दिवस गाविलगडासाठी राखावा. डिसेंबर १८०३ मध्ये ऑर्थर वेलस्लीच्या फौजेने हा किल्ला जिंकला होता. जवळच्या भीमकुंडाशी कीचकवधाची कथा निगडित आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे वाटाड्यासह, परवाना असलेल्या वाहनातून जंगल पाहावे. १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, तेव्हा निवडलेल्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होते. गुगामल राष्ट्रीय उद्यान त्याच्याच गाभ्यात वसले आहे. वाघ दिसेलच असे नाही; गवा, सांबर किंवा अस्वल दिसले तरी समाधान मानावे.

एका गोष्टीचा विचार मात्र अवश्य व्हावा. रस्त्याच्या कडेला माकडे दिसताच पुण्य समजून त्यांना बिस्किटे, फरसाण दिले जाते. ही जीवदया नव्हे. आयत्या खाण्याच्या आशेने ती रस्त्यावर बसू लागतात आणि वाहनाखाली सापडतात. प्राण्यास त्याच्या स्वभावानुसार जगू देणे, हीच तेथील अहिंसा. सूर्यास्तापूर्वीचे भोजन निवासस्थानीच करावे व प्लास्टिक परत आणावे.

परतीच्या वाटेवर, परतवाड्यापासून जवळच असलेल्या मुक्तागिरीच्या ५२ मंदिरांचे दर्शन घ्यावे. मुलांच्या हातून काही द्यावयाचेच असेल, तर घरी आल्यावर ती रक्कम पांजरपोळास द्यावी.